पार्ट बदलला, बिघाड तोच

आपल्याकडे गाडी बिघडली की पहिला प्रश्न असतो, "कोणता पार्ट गेला?" आणि दुसरा, "किती लागतील?" बिघाड कशामुळे झाला, हे विचारायला ना मालकाला वेळ असतो, ना मिस्त्रीला. पार्ट बदलतो, बिल होते, गाडी चार-सहा आठवडे नीट चालते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. मग दुसरे गॅरेज, दुसरा पार्ट, दुसरे बिल. जुनी एसयूव्ही घेतलेल्या कितीतरी घरांची ही कहाणी आहे.

एसयूव्हीच का, असे कोणी विचारेल. आपल्या मोहल्ल्यांत, गावांत या गाड्या हौसेपेक्षा गरजेने जास्त घेतल्या जातात. घरात सात-आठ माणसे असतात. लग्नकार्य, गावाकडचे येणे-जाणे, आजारी माणसाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेणे, शिवाय आठवड्यातून दोनदा व्यापाराचा माल. नवी गाडी झेपत नाही म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली जाते. त्यात घराची सगळी बचत गेलेली असते, वर थोडी उधारीही. अशी गाडी महिन्यातून दोनदा बंद पडू लागली की तिच्याबरोबर त्या घराचा हिशेबही बंद पडतो. म्हणून हा विषय शौकीन लोकांपुरता सोडून देता येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: वारंवार येणाऱ्या बिघाडाचे खरे कारण गाडीत कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे. निदान करणे हेही काम आहे, त्यालाही मोल आहे, हे आपण मानत नाही. त्याची किंमत मालक मोजतो आणि मिस्त्रीही मोजतो.

एक उदाहरण घरातलेच सांगतो. माझ्या मेहुण्यांची सात आसनी डिझेल गाडी पहाटे कधी सुरू व्हायची, कधी नाही. स्टार्टर मारला की नुसते 'टक' वाजायचे. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, स्टार्टर खोलून झाला, अल्टरनेटर बदलून झाला. तक्रार तशीच. शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीला हात लावण्याआधी मेहुण्यांना एकच गोष्ट विचारली, "स्टार्टर मारताना हेडलाइट मंद होतात की तसेच राहतात?" मेहुणे म्हणाले, "तसेच राहतात." मिस्त्री म्हणाला, "मग बॅटरीला का बदनाम करता?"

त्याच्या प्रश्नात सगळे निदान होते. बॅटरी कमजोर असेल, तर स्टार्टरने मोठा करंट ओढताच हेडलाइट एकदम विझल्यासारखे होतात. हेडलाइट झगझगीत आहेत आणि स्टार्टर मात्र फिरत नाही, याचा अर्थ बॅटरीत वीज आहे, पण ती स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचून परत येण्याचा रस्ता अडलेला आहे, किंवा स्टार्टरच खराब आहे. स्टार्टर तर खोलून झाला होता. मग त्याने मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावली आणि स्टार्टर मारायला सांगितले. तिथे जेमतेम पाव व्होल्ट दिसायला हवा होता, दिसले जवळजवळ दोन व्होल्ट. इंजिन आणि चासीला जोडणारी अर्थची पट्टी वरून शाबूत दिसत होती. बोल्टखाली मात्र ती गंजून गेली होती. पट्टी बदलली, जागा घासून स्वच्छ केली, बोल्ट कसला. काही शे रुपयांत काम झाले. तेव्हापासून तीच बॅटरी चालते आहे.

यात जादू काही नाही. नववी-दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम असतो, तोच इथे आहे. डिझेल इंजिनचा स्टार्टर सहज २०० अँपिअर करंट ओढतो. गंजलेल्या जोडात समजा फक्त ०.०१ ओहम रोध असला, तरी २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च झाले. चांगली बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर ओढताना स्वतःच आणखी खाली येते. त्यातले दोन व्होल्ट रस्त्यातच गेले, तर स्टार्टर फिरणार कसा? आणि ०.०१ ओहम हा इतका बारीक रोध आहे की साध्या मीटरवर ओहमचे बटण फिरवून तो दिसतच नाही. करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजावे लागतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो जोड तपासून "ठीक आहे" म्हणेल आणि पुढचा पार्ट मागवेल.

मी भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी. त्यामुळे मला आणखी एक गोष्ट खटकते. आपल्याला तक्रार नीट सांगता येत नाही. "गाडी मिसिंग करते", "पिकअप नाही", "आवाज येतो", एवढ्यावर आपले वर्णन संपते. मिस्त्रीला हवे असते ते वेगळेच: केव्हा होते? थंड इंजिनवर की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीला? पावसात जास्त होते का? एसी चालू असताना होते का? ब्रेक दाबल्यावर की वळताना? आवाज इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो की चाकाच्या? हा शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दिला आणि आवाज आला, तर दोष इंजिनच्या बाजूला शोधायचा. न्यूट्रलमध्ये उतारावर गडगडतानाही तोच आवाज असेल, तर चाक, बेअरिंग, टायर यांच्याकडे पाहायचे. (ही तपासणी मोकळ्या रस्त्यावर मिस्त्रीला करू द्यावी, स्वतः घाटात करू नये.)

म्हणून माझा पहिला आग्रह वहीचा आहे. गाडीत एक शंभरपानी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय झाले, केव्हा झाले, कोणी काय बदलले, एवढेच लिहा. तीन महिन्यांनी ती वही वाचली की कित्येकदा बिघाड स्वतःच बोलू लागतो. पावसाच्या दिवशीच गाडी अडखळते हे दिसले, तर वायरिंगच्या जोडांत पाणी जात असणार. दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच बॅटरी उतरते हे दिसले, तर बॅटरीतून कोणीतरी गुपचूप वीज पीत असणार.

हे 'गुपचूप पिणे' समजून घेण्यासारखे आहे. गाडी बंद असली, तरी घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट थोडी वीज घेतात. ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. दिवसाला १.२ अँपिअर-तास, ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे कळतही नाही. पण बाहेरून बसवलेला टचस्क्रीन, कॅमेरा, ट्रॅकर किंवा लाइट चुकीच्या वायरला जोडला आणि बंद गाडीतही अर्धा अँपिअर वाहत राहिला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिझेल इंजिन फिरणार नाही. नवी बॅटरी टाकली की आठवडाभर बरे वाटते, मग तेच. शोधायची पद्धत सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मीटर लावायचा, दरवाजे बंद करून अर्धा तास थांबायचे म्हणजे गाडीतले सगळे कंट्रोल युनिट झोपी जातात, आणि मग एक-एक फ्यूज काढत पाहायचे. ज्या फ्यूजवर आकडा खाली येईल, चोर त्या वायरवर आहे. यात अडचण एकच, अर्धा तास थांबावे लागते. तेवढा धीर ना मालकाकडे असतो, ना मिस्त्रीकडे.

फ्यूजवरून निघाले आहे, तर जरा कडक बोलतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० चा टाकणे किंवा त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे, हे मी स्वतः पाहिलेले आहे. फ्यूज हा गाडीतला राखणदार आहे. त्याचे तोंड बांधल्याने चोर पळत नाही. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि तापलेली वायर कुठे? डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, जिथे आपली मुले बसतात. हेडलाइटचेही तसेच. मूळ ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. त्यांच्या जागी १०० वॉटचे टाकले की साडेसोळा. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त होते. रिले आणि जाड वायर न घालता हे करणारा आणि "लाइट भारी पाहिजे" म्हणून करून घेणारा, दोघेही सारखेच जबाबदार आहेत.

गाडी गरम होण्याच्या तक्रारीत तर आपण हटवादी आहोत. इंजिन तापते? थर्मोस्टॅट काढून फेका. कूलंट कमी होते? साधे पाणी घाला. थर्मोस्टॅट काढला की इंजिनला योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जळते, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून मधल्या मार्गानेच फिरत राहते आणि गाडी आणखी तापते. आणि रेडिएटरचे झाकण! त्याकडे कोणी बघतही नाही. ते झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी आहे. आतला दाब धरून ठेवल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या बराच वर गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले की दाब राहत नाही, कूलंट उकळून बाहेर पडते आणि आपण म्हणतो, "हेड गॅस्केट गेले वाटते." आधी स्वस्त, साध्या गोष्टी तपासायच्या: झाकण, पाइप, फॅनचा रिले, रेडिएटरच्या जाळीत साचलेला कचरा. हेड खोलायची पाळी शेवटी. आणि गरम इंजिनचे झाकण कधीही उघडायचे नाही. चेहरा भाजून घेतलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत.

आता नव्या गाड्यांचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापावी लागते. तेवढी तापायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग धावली पाहिजे. मुलांना शाळेत सोडायचे, तीन किलोमीटर जायचे, बंद करायची, परत यायचे, असा ज्यांचा वापर आहे त्यांच्या गाडीत दिवा लागतच राहणार. इथे पार्ट खराब नाही, वापर आणि गाडी यांचा मेळ नाही. ही गोष्ट गाडी विकताना कोणी सांगत नाही. म्हणून घेणाऱ्याने आधी विचारावे: माझे रोजचे अंतर किती?

स्कॅनर आल्यापासून एक नवा गैरसमज पसरला आहे. यंत्र लावले, कोड आला, पार्ट मागवला. पण कोड म्हणजे निकाल नव्हे, तो तक्रार अर्ज आहे. पी ०४०१ हा कोड म्हणतो की इंजिनमध्ये परत वळवला जाणारा धूर पुरेसा येत नाही. त्याचे कारण ईजीआर व्हॉल्व्ह असेल, काजळीने बुजलेली नळी असेल, फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल किंवा उंदराने कुरतडलेली वायर असेल. ज्यांची गाडी उसाच्या शेताजवळ किंवा धान्याच्या गोदामाशेजारी उभी राहते, त्यांनी शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नये. स्कॅनर वाट दाखवतो, चालावे माणसालाच लागते.

मग मिस्त्री असे का करत नाहीत? ते अप्रामाणिक आहेत म्हणून? काही आहेतही. मापात पाप करणाऱ्यांबद्दल कुरआनात अख्खी एक सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन, आणि न बदललेल्या पार्टचे पैसे लावणे हेही मापातले पापच आहे. हे आपल्याच माणसांना स्पष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत असते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मिस्त्रीने दोन तास मीटर घेऊन शोध घेतला आणि शेवटी एक बोल्ट कसून दिला, तर आपण त्याला काय देतो? "बोल्ट कसायचे पाचशे रुपये?" असे म्हणून शंभर टेकवतो. तोच मिस्त्री सहा हजारांची बॅटरी विकतो तेव्हा आपण मुकाट्याने पैसे देतो. म्हणजे विचार करणाऱ्याला तोटा आणि पार्ट विकणाऱ्याला नफा, ही व्यवस्था आपणच उभी केली. डॉक्टरची तपासणी फी देतो, वकिलाची सल्ला फी देतो. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाच्या बुद्धीला मात्र फी नाही. आपल्या सभांमध्ये जझरीचे नाव अभिमानाने घेतले जाते. १२०६ साली त्याने यंत्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या पाण्याच्या पंपात क्रँकची यंत्रणा होती, हे आपण पोरांना सांगतो. पण शेजारच्या गल्लीतल्या फिटरला सोयरिकीच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसवतो. जझरीही कारागीरच होता!

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याची नोंद केली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडच्या मागची गॅरेजची रांग पाहिली की हे वेगळे वाचायची गरज राहत नाही. माझ्या वर्गातली मुले सातवी-आठवीनंतर तिथेच जातात. 'छोटू' म्हणून पाना देतात, उस्तादाचे बोलणे खातात आणि कान, नाक, बोटे यांनी इंजिन शिकतात. हा हुनर खरा आहे, मी त्याला कमी लेखत नाही. आवाज ऐकून टॅपेटचा दोष सांगणारे उस्ताद मी पाहिले आहेत. पण वायरमधला करंट कानाला ऐकू येत नाही. आजच्या गाडीत दोष इंजिनात जितके, तितकेच वायरिंगमध्ये आणि सेन्सरमध्ये. उद्याच्या इलेक्ट्रिक गाडीत तर ३०० ते ४०० व्होल्टची बॅटरी असते, तिच्या केबल मुद्दाम नारिंगी रंगाच्या ठेवतात. तिथे अंदाजाने हात घालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. जो मुलगा ओहमचा नियम न शिकता शाळा सोडतो, तो दहा वर्षांनी या धंद्यातूनही बाहेर फेकला जाईल. ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून पालकांना माझे सांगणे: मुलाला गॅरेजच आवडत असेल तर जरूर जाऊ द्या, पण दहावीनंतर. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा, मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जे आधीच कामात आहेत, त्यांच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. आणि आम्हा शिक्षकांना: विजेचा धडा फळ्यावर संपवू नका. एक मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. तो वर्गात फिरवा. 'रोध' म्हणजे काय, हे ज्याने गंजलेल्या जोडावर मोजले, तो ते कधी विसरत नाही. उर्दू माध्यमाची मुले 'मुज़ाहमत' पाठ करतात, मराठी माध्यमाची 'रोध', आणि गॅरेजमध्ये दोघांनाही 'रेझिस्टन्स' ऐकू येतो. तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, एवढे जरी आपण जोडून दिले तरी मोठे काम होईल.

कंपन्यांनाही सोडून चालणार नाही. वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्तीची माहिती अधिकृत सेंटरपुरती ठेवली, की छोटा मिस्त्री अंदाजावर येतो आणि अंदाजाचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनेही आहेत. त्याच वर्षी पोर्टलही सुरू झाले. माहिती देणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे, ही मागणी मिस्त्रींच्या संघटनांबरोबर आपण ग्राहकांनीही लावून धरायला हवी.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. काम देताना लेखी जॉब कार्ड घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. पार्ट बदलण्याआधी "हाच खराब आहे हे कशावरून?" असे अदबीने विचारा, चांगला मिस्त्री या प्रश्नाने खूश होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमके कशाने बरे झाले ते कधीच कळणार नाही. बिल घ्या, कारण पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवा आहे, आणि फसवणूक झाली तर १९१५ या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

आणि ज्याने दोन तास शोधून फक्त एक बोल्ट कसला, त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवा, वर चहा पाजा. पुढच्या वेळी तो तुमच्या गाडीचा पार्ट बदलण्याआधी दोष शोधेल.